जुन्या जपानी मोटारींचें मोल

एखादी वस्तु वापरांत आली कीं तिची किंमत उतरूं लागते, हा व्यवहारांतला नित्याचा नियम आहे. मोटारीच्या बाबतींत तर हा नियम फारच कठोरपणें लागू पडतो. नवी गाडी दुकानाच्या दारांतून रस्त्यावर आली, तेवढ्यानेंच तिच्या किंमतींतला कांहीं भाग गळून पडतो. दहा वर्षांनीं ती निम्म्याहून कमी भावांत जाते. आणि वीस-पंचवीस वर्षांनीं मोडीवाला तिच्याकडे लोखंडाचा ढीग म्हणून पाहूं लागतो. असें असतां, १९६७ सालीं जपानांत तयार झालेली एक दोन आसनांची मोटार २०२२ सालीं अमेरिकेंतील एका लिलांवांत २५,३५,००० डॉलरांना विकली गेली. हें कसें घडलें, अशा किंमती कोणत्या आधारावर ठरतात, आणि जुनी मोटार दुरुस्त करून नव्यासारखी केली म्हणजे तिची किंमत वाढतेच काय, या तीन प्रश्नांचा विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे.

हा विषय केवळ धनिकांच्या छंदाचा आहे, त्याच्याशीं आपल्यासारख्या मध्यम स्थितींतील लोकांचा काय संबंध, असें कोणी म्हणेल. परंतु जुन्या गाड्यांच्या अशा बातम्या वाचून "हा तर सोन्यासारखा ठेवा आहे" असें मानणारे आणि त्यांत आपली शिल्लक गुंतवूं पाहणारे लोक धनिकच असतात असें नाहीं. परदेशीं नोकरीस गेलेल्या आपल्या तरुण मंडळींनाहि असा मोह पडतो. शिवाय किंमत म्हणजे काय, खर्च म्हणजे काय, आणि मोल म्हणजे काय, या तीन शब्दांतील भेद समजून घेण्यास या मोटारींसारखें दुसरें उदाहरण क्वचितच मिळेल.

प्रथम थोडा इतिहास पाहूं. जपानी कारखान्यांचें नांव १९६० च्या सुमारास बाहेरच्या जगांत लहान, स्वस्त आणि काटकसरी गाड्यांसाठीं होतें. शर्यतीच्या जातीची, वेगवान आणि देखणी मोटार बांधणें हें इंग्लंड, इटली आणि जर्मनी या देशांचें कसब समजलें जाई. आपणहि त्या पंक्तींत बसूं शकतों हें दाखविण्याची ईर्षा जपानी कंपन्यांत उत्पन्न झाली आणि त्या दशकांत अशा गाड्या एकामागून एक बाहेर पडल्या. होंडा कंपनीनें १९६३ सालीं आपली एस-५०० ही लहानशी उघडी गाडी काढली. टोयोटाची २००० जीटी आणि माझदाची कॉस्मो स्पोर्ट या दोन्ही १९६७ सालीं विक्रीस आल्या. १९६९ सालीं निसान कंपनीनें स्कायलाइन जीटी-आर आणि फेअरलेडी झेड या दोन गाड्या बाजारांत आणल्या. आज ज्यांच्या किंमतींची चर्चा होते त्यांतील बहुतेक जुन्या गाड्या या सहा-सात वर्षांतल्या आहेत.

यांतील टोयोटा २००० जीटी ही मुकुटमणि होय. १९६५ च्या टोकियो येथील मोटार-प्रदर्शनांत ती लोकांच्या प्रथम दृष्टीस पडली. मोटारसायकली आणि वाद्यें या दोन्हींसाठीं प्रसिद्ध असलेल्या यामाहा कंपनीच्या सहकार्यानें ती बांधली गेली. सहा सिलिंडरांचें दोन लिटरचें इंजिन, सुमारे १५० अश्वशक्ति, आणि चालकासमोर लांकडाची सुबक फळी असा तिचा थाट होता. १९६६ च्या ऑक्टोबरांत याताबे येथील धांवपट्टीवर ही गाडी ७८ तास धांवविण्यांत आली आणि तिनें वेगाचे व अंतराचे अनेक आंतरराष्ट्रीय उच्चांक प्रस्थापित केले. जेम्स बाँडच्या १९६७ मधील एका चित्रपटासाठीं तिच्या दोन बिनटपाच्या गाड्या मुद्दाम तयार करण्यांत आल्या. इतका गाजावाजा होऊनहि १९७० पर्यंत अशा अवघ्या ३५१ गाड्या बांधल्या गेल्या, कारण ती फार महाग होती. अमेरिकेंत तिला सुमारे सात हजार डॉलर पडत. त्या काळीं इंग्लंडची सुप्रसिद्ध जॅग्वार ई-टाइप त्याहून स्वस्त मिळे. २०१३ सालीं याच जातीची एक गाडी ११,५५,००० डॉलरांना गेली, आणि लिलांवांत दहा लाख डॉलरांचा उंबरठा ओलांडणारी ती पहिली जपानी मोटार ठरली.

माझदाची कॉस्मो हिची कथा निराळी आहे. नेहमींच्या इंजिनांत दट्टे वरखालीं होतात. कॉस्मोच्या इंजिनांत दट्टे नाहींत. एका लंबगोल पोकळींत तिकोनी आकाराचें चक्र गरगर फिरतें आणि त्यांतून शक्ति उत्पन्न होते. कल्पना जर्मनीची, पण ती रस्त्यावर टिकेल अशी करण्यासाठीं हिरोशिमा येथील केनिची यामामोतो आणि त्यांचे सहकारी कित्येक वर्षें झगडत होते. त्या तिकोनी चक्राच्या टोंकांच्या पट्ट्या पोकळीच्या आंतल्या भिंतीवर ओरखडे पाडीत; त्या ओरखड्यांना ते लोक सैतानाच्या नखांचे ठसे म्हणत. शेवटीं कार्बन आणि ॲल्युमिनियम यांच्या मिश्रणाची पट्टी सांपडली आणि तो प्रश्न सुटला. अशा दोन चक्रांच्या इंजिनाची विक्रीस निघालेली पहिली मोटार ती ही. १९७२ पर्यंत तिच्या अवघ्या १,१७६ गाड्या निघाल्या. आज तिला जें मोल आहे तें वेगासाठीं नाहीं. एका मोठ्या यांत्रिक संशोधनाचा तो चालता-बोलता पुरावा आहे म्हणून आहे.

या दोन उदाहरणांवरून किंमतीचें पहिलें कारण स्पष्ट होतें. तें म्हणजे विरलता. परंतु केवळ विरलता पुरेशी नाहीं. जगांत थोड्याच निघालेल्या आणि कोणासहि नको असलेल्या गाड्या पुष्कळ आहेत. विरलतेला ओढीची जोड लागते. ही ओढ शर्यतींतील विजयानें, चित्रपटानें, किंवा नुसत्या बालपणींच्या आठवणीनें उत्पन्न होते. ज्या मुलानें वयाच्या बाराव्या वर्षीं भिंतीवर एखाद्या गाडीचें चित्र लावलें, तो पन्नाशींत हातीं पैसा आल्यावर तीच गाडी शोधूं लागतो. बाजाराची जाणती मंडळी म्हणतात कीं भाव चढतात ते बहुतेक वेळां अशा पिढीच्या पन्नाशीबरोबर. २०२३ सालीं निसान स्कायलाइनची आर-३४ जातीची एक निळी गाडी १३,५७,००० डॉलरांना गेली. ती २००० सालची होती, म्हणजे फार जुनीहि नव्हती, आणि तिच्यांत पुष्कळ फेरफारहि केलेले होते. पण ती पॉल वॉकर या दिवंगत नटानें चित्रपटांत चालविलेली होती. तिच्या पत्र्याला आणि इंजिनाला जी किंमत होती तिच्या कितीतरी पट किंमत त्या आठवणीला आली.

आतां सर्वांत बोधप्रद उदाहरण घेऊं. फेअरलेडी झेड ही गाडी परदेशीं डॅटसन २४०-झेड या नांवानें गेली. तिला अमेरिकेंत लोकप्रिय करण्याचें श्रेय युताका कातायामा या निसानच्या अधिकाऱ्याला दिलें जातें; हे गृहस्थ २०१५ सालीं वयाच्या १०५ व्या वर्षीं वारले. सहा सिलिंडरांचें २.४ लिटरचें इंजिन, लांब निमुळतें तोंड, आणि किंमत फक्त ३,५२६ डॉलर. विमा कंपनीच्या कारकुनालाहि परवडेल अशी ती शर्यतीची गाडी होती. या घराण्याच्या पहिल्या पिढींत, म्हणजे १९७८ पर्यंत, पांच लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. येथें विरलता कोठें आहे? आणि तरीहि २०२० च्या आरंभीं १९७१ सालची एक २४०-झेड ३,१०,००० डॉलरांना गेली. याचें उत्तर असें कीं, बांधल्या गेल्या पांच लाख, पण निकोप उरल्या फार थोड्या. त्या काळच्या जपानी गाड्यांचा पत्रा पातळ असे आणि त्यावर गंजनिरोधक लेप आजच्यासारखा नसे. अमेरिकेच्या उत्तर भागांत हिंवाळ्यांत बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यांवर मीठ टाकतात. त्या मिठानें या गाड्या तळापासून खाऊन टाकल्या. शिवाय स्वस्त वस्तूला कोणी जपत नाहीं. लोकांनीं त्या चालविल्या, ठोकरल्या, फेरफार केले आणि मोडींत दिल्या. तीन लाख दहा हजारांना गेलेली गाडी फारच थोडी चाललेली आणि बव्हंशीं मूळ स्थितींत राखलेली होती. म्हणजे विरलता केवळ कारखान्यांत निर्माण होत नाहीं. ती काळहि निर्माण करतो.

येथें शाळामास्तराच्या संवयीप्रमाणें थोडें गणित करण्याची मुभा असावी. ३,५२६ डॉलरांचे ३,१०,००० झाले, म्हणजे जवळजवळ ८८ पट. आंकडा ऐकून छाती दडपते. पण हा काळ पन्नास वर्षांचा आहे. चक्रवाढीनें हिशेब केला तर व्याजाचा दर सालीना शेंकडा सव्वानऊ ते साडेनऊच्या दरम्यान येतो. ही झाली तिच्या जातींतील एका अपवादात्मक गाडीची गोष्ट. त्यांतून पन्नास वर्षांचें जागेचें भाडें, विमा, कर आणि देखभाल वजा घातली पाहिजे. आतां सामान्य गाडी घ्या. अमेरिकेंत १९७० पासून आजपर्यंत डॉलरची क्रयशक्ति इतकी घटली आहे कीं तेव्हांचे ३,५२६ डॉलर म्हणजे आजचे सुमारे २८,००० डॉलर होतात. तेव्हां एखाद्याची २४०-झेड आज अठ्ठावीस हजारांना गेली, तर त्याला वाटेल कीं आठपट लाभ झाला. वस्तुतः त्याचे पैसे जेथें होते तेथेंच राहिले, आणि देखभालीचा खर्च मात्र अंगावर पडला.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. जुन्या देवळाचें जें करतात त्याला आपण जीर्णोद्धार म्हणतों. जुन्या मोटारीच्या पुनर्घटनेला तोच शब्द शोभेल. हा जीर्णोद्धार म्हणजे नुसती रंगरंगोटी नव्हे. गाडी शेवटच्या पेंचापर्यंत उघडली जाते. जुना रंग खरवडून नागडा पत्रा दिसूं लागतो, आणि तेव्हांच रोग किती खोल गेला आहे तें कळतें. २४०-झेडमध्यें बॅटरीच्या खालचा भाग, पायाखालचा तळ, दारांखालच्या पोकळ पट्ट्या आणि तळाचे आधार हीं गंजाचीं ठरलेलीं ठिकाणें आहेत. गंजलेला पत्रा कापून नवा वेल्डिंगनें बसवावा लागतो, ठोकून वळणावर आणावा लागतो, मग अस्तराचे आणि रंगाचे थर येतात. इंजिन उघडून घांसलेले भाग बदलणें, क्रोमचा मुलामा पुन्हा देणें, काचांच्या कडांचीं रबरें, आंतलीं आसनें, विजेच्या तारा, अशी ही यादी लांबत जाते. कामाचे शेंकडों तास होतात, कधीं हजाराच्याहि वर जातात. आणि पाश्चात्त्य देशांत किंवा जपानांत कुशल कारागिराचा प्रत्येक तास महाग असतो.

याचा परिणाम काय होतो, तें सोनाराच्या दुकानाच्या उदाहरणानें चांगलें समजेल. दागिना मोडावयास नेला म्हणजे सोन्याचा भाव मिळतो, घडणावळ मिळत नाहीं. मोटारीच्या जीर्णोद्धाराचा खर्च हा बहुतांशीं घडणावळीचा खर्च आहे, आणि मोटारीच्या पोटांत सोनें नसतें. ज्या गाडीची उत्तम स्थितींतील किंमतच मर्यादित आहे, तिच्यावर तिच्याहून अधिक खर्च करणें म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. हा अनुभव खुद्द निसान कंपनीनें घेतला आहे. १९९७ च्या सुमारास अमेरिकेंतील निसाननें जुन्या २४०-झेड गाड्या विकत घेऊन, त्यांचा पूर्ण जीर्णोद्धार करवून, त्या सुमारे २५,००० डॉलरांना आपल्या दुकानांतून विकण्याची योजना काढली. कल्पना उत्तम होती, गाड्यांची प्रशंसाहि झाली. पण एकेका गाडीवरचा खर्च विक्रीच्या किंमतीपेक्षां अधिक होऊं लागला आणि चाळिसांच्या आंतच गाड्या तयार होऊन ती योजना संपली. ज्या कंपनीनें ती गाडी जन्मास घातली, जिच्याजवळ सुटे भाग आणि नकाशे होते, तिचेंहि जेथें गणित जमलें नाहीं, तेथें सामान्य माणसानें सावधपणें पाऊल टाकावें हेंच बरें. त्यांत गंमत अशी कीं, कंपनीच्या हातून निघालेल्या त्या थोड्या गाड्यांना आज संग्राहकांत वेगळा मान आहे. नुकसानीचा व्यापारहि कालांतरानें विरलता निर्माण करतो; पण तो लाभ व्यापार करणाराच्या पदरांत पडतो असें नाहीं.

मग जीर्णोद्धार किंमत केव्हां वाढवितो? जेव्हां मूळ गाडीच इतकी मोलाची असते कीं खर्च तिच्यापुढें लहान ठरतो. आरंभीं ज्या पंचवीस लाखांच्या गाडीचा उल्लेख केला, ती कॅरोल शेल्बी या विख्यात अमेरिकन शर्यतवीराच्या संघासाठीं १९६८ च्या शर्यतींकरितां सज्ज केलेली होती, आणि तिच्या सांगाड्यावरचा क्रमांक त्या मालिकेंतला पहिला होता. तिला पुन्हा त्या शर्यतीच्या रूपांत आणण्यांत आलें होतें. तेथें कारागिराच्या श्रमांनीं एक खरा इतिहास पुन्हां डोळ्यांपुढें उभा केला. ज्या गाडीला सांगण्यासारखा इतिहास नाहीं, तिच्यावर तेवढेच श्रम केले तर एक सुंदर गाडी मिळेल, पण पंचवीस लाख मिळणार नाहींत.

याच्या उलट बाजूनें, जीर्णोद्धारानें किंमत घटतेहि. ज्या गाडीचा मूळ रंग, मूळ आसनें, मूळ काचा पन्नास वर्षें टिकून राहिल्या आहेत, ती अतिउत्साहानें उघडून नवी चकचकीत केली तर तिच्या अंगचा पुरावाच नष्ट होतो. पुन्हां रंग कितीहि वेळां देतां येईल. पण कारखान्यांतून आलेला पहिला रंग एकदांच मिळतो. म्हणून जाणते ग्राहक प्रथम विचारतात कीं इंजिनावरचा क्रमांक आणि सांगाड्यावरचा क्रमांक कारखान्याच्या नोंदींशीं जुळतात काय. मालकांची परंपरा आणि दुरुस्तीच्या पावत्या आहेत काय. आणि जें बदललें तें कोणी, केव्हां व कां बदललें. कागदपत्रांची एक जाड फाइल ही कधीं कधीं नव्या रंगापेक्षां अधिक किंमत आणते. अमेरिकेंतील मूल्यमापनाच्या एका प्रचलित पद्धतींत गाड्यांच्या स्थितीच्या चार इयत्ता मानतात: पहिली प्रदर्शनाच्या तोडीची, दुसरी उत्कृष्ट, तिसरी चांगली आणि चौथी चालण्यापुरती. एकाच वर्षाच्या, एकाच जातीच्या दोन गाड्यांत पहिल्या आणि चौथ्या इयत्तेच्या भावांत कित्येक पटींचें अंतर पडतें. तेव्हां "२४०-झेडची किंमत किती?" हा प्रश्नच अपुरा आहे, "कोणत्या २४०-झेडची?" असें विचारलें पाहिजे.

जेथें किंमत तेथें तोतया आलाच. स्कायलाइन जीटी-आर हें याचें ठळक उदाहरण आहे. १९६६ सालीं प्रिन्स ही कंपनी निसानमध्यें विलीन झाली आणि प्रिन्सच्या अभियंत्यांचें शर्यतीचें ज्ञान निसानच्या पदरांत पडलें. त्यांतून निघालेल्या १९६९ च्या जीटी-आरमध्यें एस-२० हें चोवीस झडपांचें, १६० अश्वशक्तीचें इंजिन होतें. तीन वर्षांच्या आंत तिनें जपानांतील शर्यतींत पन्नास विजय मिळविले असें सांगतात. तिच्या चौकोनी आकारामुळें जपानी लोक तिला पेटी-स्कायलाइन या अर्थाचें हाकोसुका हें लाडकें नांव देतात. अशा गाड्या दोन हजारांच्या आसपासच निघाल्या. आणि १९७३ सालीं आलेली तिची पुढची आवृत्ति तर जेमतेम १९७ गाड्यांवर थांबली. परंतु बाहेरून अगदीं तशीच दिसणारी साधी स्कायलाइन मात्र फार मोठ्या संख्येनें विकली गेली. साध्या दोन-दरवाजी गाडीवर जीटी-आरचीं चिन्हें लावणें, मागच्या चाकांवरचा पत्रा कापून रुंद करणें आणि तिला "जीटी-आर" म्हणून उभी करणें, हें कठीण नाहीं. भेद कोठें ओळखावा? सांगाड्याच्या क्रमांकांत. खऱ्या दोन-दरवाजी जीटी-आरचा क्रमांक केपीजीसी-१० या अक्षरांनीं सुरू होतो. साध्या सहा सिलिंडरी गाडीचा केजीसी-१० या अक्षरांनीं. मध्यें एका "पी" चा फरक! त्या एका अक्षरावर किंमतीचा सारा डोलारा उभा असतो. प्रतिकृति म्हणून प्रामाणिकपणें विकलेली गाडी ही वाईट वस्तु नव्हे. ती चालवावयास तितकीच आनंददायक असेल. पण प्रतिकृतीला मूळ म्हणून विकणें ही फसवणूक होय. आपल्याकडची म्हण येथें अक्षरशः खरी ठरते: दिसतें तसें नसतें, म्हणून जग फसतें. तीच गोष्ट गंजाची. वरून आरशासारखा रंग आणि आंतून पुट्टी भरलेलीं भोंकें, असें वरून कीर्तन आणि आंतून तमाशा असलेल्या गाड्या बाजारांत थोड्या नाहींत. म्हणून अशी गाडी वर उचलून, तिच्या पोटाखालून पाहिल्यावांचून कोणी घेऊं नये.

किंमतीवर कायद्याचाहि परिणाम होतो, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. जपानांत खासगी मोटारीची सरकारी तपासणी नवी असतां तीन वर्षांनीं आणि पुढें दर दोन वर्षांनीं करावी लागते. ती खर्चाची असते. आणि पेट्रोलवरील गाडी तेरा वर्षांपलीकडे गेली म्हणजे तिच्यावरचा करहि वाढतो. त्यामुळें जपानी गृहस्थ गाडी लौकर बदलतो आणि जुन्या गाड्या मोडींत किंवा परदेशीं जातात. तिकडे अमेरिकेंत १९८८ च्या कायद्यानें परदेशच्या बाजारासाठीं बनलेल्या गाड्यांची आयात फार अवघड केली. मात्र गाडी पंचवीस वर्षांची झाली म्हणजे सुरक्षिततेच्या त्या नियमांतून तिला सूट मिळते. १९८९ सालीं निघालेली आर-३२ जातीची स्कायलाइन जीटी-आर अमेरिकेंत मूळ विकलीच गेली नव्हती. २०१४ पासून तिला तेथील दरवाजा उघडला आणि जपानांतील तिच्या भावांवर अमेरिकन मागणीचा दाब पडूं लागला. १९९९ च्या आर-३४ वर हीच वेळ २०२४ सालीं आली. म्हणजे पंचांगांतील एक तारीखहि मोटारीचें मोल हलवूं शकते.

आपल्या देशाचाहि येथें एक उल्लेख केला पाहिजे. केंद्र सरकारनें २०२१ सालीं जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठीं स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुनें, आणि सांगाडा, बांधणी वा इंजिन यांत मोठा फेरफार न केलेलें दुचाकी किंवा चारचाकी वाहन या नियमांखालीं येतें. त्याला "व्हीए" अक्षरांचा निराळा क्रमांक मिळतो, आणि तें रोजच्या वापरासाठीं किंवा धंद्यासाठीं चालवितां येत नाहीं. म्हणजे वस्तूचा अस्सलपणा हेंच जुन्या मोटारीचें खरें लक्षण होय, ही गोष्ट संग्राहकांप्रमाणें आपल्या नियमांनींहि मान्य केली आहे.

अलीकडे जपानी कंपन्याहि आपल्या जुन्या अपत्यांकडे पुन्हां वळल्या आहेत. होंडानें आपल्या एनएसएक्स गाडीच्या नूतनीकरणाची सोय १९९३ पासूनच ठेवली आहे. निसानच्या निस्मो या शाखेनें २०१७ च्या अखेरीस आर-३२ जीटी-आरचे बंद पडलेले सुटे भाग पुन्हां बनविण्यास आरंभ केला. माझदा कंपनी २०१८ पासून आपल्या पहिल्या पिढीच्या रोडस्टर गाड्यांचा जीर्णोद्धार करूं लागली, आणि टोयोटानें २०२० सालीं सुप्रा आणि २००० जीटी यांच्या जुन्या भागांची योजना जाहीर केली. याचा किंमतीशीं संबंध उघड आहे. एखादा लहानसा भाग मिळत नाहीं म्हणून जेथें लाखमोलाची गाडी अडून बसे, तेथें तो भाग मिळूं लागला कीं घेणाऱ्याची भीति कमी होते, आणि भीति कमी झाली कीं भाव स्थिरावतो. पण माझ्या मतें यांतला खरा लाभ दुसराच आहे. जुनें यंत्र दुरुस्त होत राहिलें तर तें दुरुस्त करण्याची विद्या जिवंत राहते. पत्रा ठोकून वळविणारा, जुनें कार्बोरेटर कानानें जुळविणारा, कॉस्मोच्या तिकोनी चक्राची नस ओळखणारा मेस्त्री हा आज त्या गाडीइतकाच विरळ झाला आहे. तो गेला म्हणजे कोट्यवधींची मोटारहि केवळ एक शोभेची मूर्ति होऊन बसेल.

शेवटीं व्यवहाराच्या दोन गोष्टी. पहिली ही कीं, वृत्तपत्रांत येणारी लिलांवाची किंमत विकणाऱ्याच्या हातीं जशीच्या तशी पडत नाहीं. जाहीर आंकड्यांत बहुधा खरेदीदारानें लिलांवगृहाला वर दिलेलें शेंकडा दहाच्या आसपासचें कमिशन मिळविलेलें असतें. शिवाय विकणाऱ्याकडूनहि कांहीं कापून घेतलें जातें, आणि वाहतूक व कर निराळेच. ज्या दिवशीं एका गाडीला विक्रमी भाव येतो त्या दिवशीं तशाच दुसऱ्या दहा गाड्या मुकाट्यानें साध्या भावानें जातात. त्यांची बातमी होत नाहीं. दुसरी गोष्ट ही कीं भाव उतरतातहि. २०१३ च्या त्या अकरा लाखांच्या विक्रमानंतर २००० जीटी जातीच्याच गाड्या पुढील वर्षांत दहा लाखांच्या पुष्कळ खालींहि विकल्या गेल्या आहेत. ज्या ओढीनें भाव चढतो ती ओढ एका पिढीची असते. पुढच्या पिढीच्या भिंतीवर कोणतें चित्र असेल तें आज कोणास सांगतां येणार?

म्हणून ज्याला अशी गाडी घ्यावयाची असेल, त्यानें ती आवडते म्हणून घ्यावी आणि जेवढा पैसा परत आला नाहीं तरी संसार अडणार नाहीं तेवढाच तींत घालावा. जीर्णोद्धार केलेली चांगली गाडी विकत घेणें हें मोडकी गाडी घेऊन स्वतः जीर्णोद्धार करण्यापेक्षां बहुधा स्वस्त पडतें, कारण पहिल्या प्रकारांत घडणावळीचा तोटा आधींच्या मालकानें सोसलेला असतो. आणि ज्याच्या घरीं वडिलार्जित जुनी गाडी धूळ खात उभी असेल, मग ती जपानी असो वा दुसरी कोणती, त्यानें ती रंगवावयास देण्यापूर्वीं तिचे कागद शोधावे, क्रमांक उतरून घ्यावे, पाणी व उंदीर यांपासून तिला जपावें आणि मगच जाणत्याचा सल्ला घ्यावा. घाईनें केलेल्या डागडुजीनें जेवढीं जुनीं मूल्यवान वस्तूंचीं रूपें नासलीं आहेत, तेवढीं गंजानेंहि नासलीं नसतील.